खेळाचा बाजार – भाग ५ : जोड कोण लावतो?

यूएफसी ही मिश्र मार्शल आर्ट्सची कंपनी २००१ साली अवघ्या २० लाख डॉलरना विकली गेली, तिथं आपण मागच्या भागात थांबलो होतो. पंधरा वर्षांनी, २०१६ मध्ये, तीच कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली. पुढं दोनच वर्षांत, २०१८ साली, एचबीओ या अमेरिकी वाहिनीनं बॉक्सिंग दाखवणं बंद केलं. १९७३ पासून तिनं हा खेळ घरोघरी नेला होता. या दोन घटना शेजारीशेजारी ठेवून एक निष्कर्ष सर्रास काढला जातो : नव्या पिढीला नुसते ठोसे पुरेनासे झाले, तिला लाथा हव्यात, जमिनीवरची झटापट हवी, आवळलेले गळे हवेत. मला हे पटत नाही, कारण तिकीटबारी वेगळं सांगते. मे २०१५ मध्ये फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांची बॉक्सिंगची लढत अमेरिकेत सुमारे ४६ लाख ग्राहकांनी वेगळे पैसे मोजून घरी पाहिली. ऑगस्ट २०१७ मध्ये यूएफसीचा सर्वांत मोठा तारा कॉनर मॅकग्रेगर बॉक्सिंगच्या नियमांनी मेवेदरशी लढला, तेव्हा हा आकडा ४३ लाखांच्या आसपास होता. याउलट, यूएफसीच्या स्वतःच्या जाळीच्या पिंजऱ्यातला विक्रम आहे तो २०१८ मधल्या मॅकग्रेगर-खबीब लढतीचा : सुमारे २४ लाख. म्हणजे बॉक्सिंगची भूक मेलेली नाही. पानावर वाढायला मात्र वर्षानुवर्षं लागतात.

आपल्याकडच्या जत्रेतला कुस्तीचा फड आठवा. जोड लावते ती यात्रा कमिटी. इनाम तीच जाहीर करते, पंच तीच नेमते, आणि एकदा दोघांचे हात हातात देऊन त्यांना फडात फिरवलं की कुस्ती लागली. यूएफसी हा असा एकाच कमिटीचा फड आहे. पट्टा तिचा, मल्लांशी करार तिचा, प्रक्षेपणाचा सौदा तिचा; कुणी कुणाशी लढायचं हे एका कचेरीत ठरतं. बॉक्सिंगच्या फडात मात्र चार कमिट्या आहेत. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ यांचे प्रत्येकीचे वेगळे जगज्जेते, प्रत्येक बॉक्सरचा वेगळा प्रवर्तक आणि प्रवर्तकाची वेगळी वाहिनी. मेवेदर-पॅकियाओ लढतीची बोलणी २००९ च्या अखेरीस सुरू झाली. रक्ततपासणी कधी आणि किती वेळा यावरून ती फिसकटली, मग पैशांच्या वाटणीवरून, मग दोघं दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांशी बांधलेले होते म्हणून. शेवटी ते समोरासमोर आले तेव्हा एक ३८ वर्षांचा होता, दुसरा ३६ चा, आणि शंभर डॉलर मोजून बसलेल्या प्रेक्षकाच्या वाट्याला बरीचशी हुलकावणीच आली. हेवीवेट गटात तर १९९९ साली लेनॉक्स लुईस निर्विवाद जगज्जेता झाला, त्यानंतरचा निर्विवाद जगज्जेता म्हणजे ओलेक्झांडर उसिक, थेट मे २०२४ मध्ये. मधली जवळपास पंचवीस वर्षं ‘जगात सर्वांत बलवान कोण’ या साध्या प्रश्नाला बॉक्सिंगकडे एक उत्तर नव्हतं. यूएफसीनं बाजार जिंकला तो इथं. पहिल्या क्रमांकाचा मल्ल दुसऱ्याशी लढेल, आणि तो उमेदीत असतानाच लढेल, एवढा भरवसा तिनं गिऱ्हाइकाला दिला.

पण या शिस्तीचं बिल कोण भरतं? यूएफसीवर तिच्याच माजी मल्लांनी २०१४ साली मक्तेदारीचा खटला भरला. त्यातून बाहेर आलेल्या हिशेबांनुसार कंपनीच्या उत्पन्नातला जेमतेम पाचवा हिस्सा मल्लांकडे जात होता. बॉक्सिंगच्या मोठ्या लढतींत निम्म्याहून अधिक रक्कम लढणाऱ्यांकडे जाते. करारात आणखी एक कलम होतं : विजेतेपद मिळालं की कराराची मुदत आपोआप लांबायची. ज्या क्षणी मल्लाचा भाव सर्वांत जास्त, त्याच क्षणी त्याला बाजारात जायची मुभा नाही. शेवटी ३७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि २०२५ मध्ये न्यायालयानं ती मान्य केली. कॅमेरूनमध्ये लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला फ्रान्सिस एन्गानू हा यूएफसीचा हेवीवेट विजेता. जानेवारी २०२२ मधल्या त्याच्या शेवटच्या लढतीचं जाहीर मानधन होतं सहा लाख डॉलर. करार संपेपर्यंत तो थांबला, पट्टा सोडून बाहेर पडला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रियाधला बॉक्सर टायसन फ्युरीसमोर उभा राहिला. व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती त्याची पहिलीच लढत. तिसऱ्या फेरीत त्याच्या डाव्या हाताच्या ठोशानं फ्युरी जमिनीवर बसला. निकाल पंचांच्या दुभंगलेल्या कौलानं फ्युरीकडे गेला, पण त्या एका रात्रीत एन्गानूला यूएफसीतल्या मानधनाच्या कितीतरी पट मिळालं. माणूस तोच होता, ताकद तीच. फक्त सौद्याला आता एकापेक्षा अधिक गिऱ्हाइकं होती.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की जोखीम मालकांनी घेतली : सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी कोट्यवधी डॉलर गमावले, बदनाम खेळाला नियम आणि परवाने मिळवून दिले, मग नफाही त्यांचाच. जोखमीचं मोल मिळायलाच हवं. परंतु ती जोखीम २०१६ च्या विक्रीत फिटली. २०२५ मध्ये पॅरामाउंट या माध्यम कंपनीशी यूएफसीचा सात वर्षांसाठी ७७० कोटी डॉलरचा प्रक्षेपण करार झाला, त्याला जुन्या तोट्याचा आधार देता येणार नाही. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. बॉक्सिंगमधला मोठा हिस्सा मूठभर नामवंतांकडे जातो. छोट्या सभागृहात चार फेऱ्या लढणाऱ्या पोराच्या हाती येतं त्यात सरावाचा खर्चही निघत नाही. हे खरं आहे आणि बॉक्सिंगच्या कैवाऱ्यांनी ते झाकू नये. तरीही त्याला उपाय म्हणून वरच्याची घासाघीस करण्याची ताकद काढून घेतली तर ती रक्कम खालच्याकडे जाईल, असं मानायला आधार नाही. यूएफसीत ती मालकाकडे गेली.

आणि आता ही स्पर्धा दोन खेळांमधली राहिलेलीच नाही. यूएफसीची मालक कंपनी टीकेओ सौदी पैशाच्या साथीनं बॉक्सिंगमध्ये उतरली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लास व्हेगासच्या स्टेडियममध्ये कॅनेलो अल्वारेझ आणि टेरेन्स क्रॉफर्ड यांची लढत सत्तर हजारांवर प्रेक्षकांसमोर झाली, नेटफ्लिक्सवरून जगभर दिसली, आणि तिचे प्रवर्तक होते यूएफसीचे डेना व्हाइट. त्याआधी जुलैमध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहात एक विधेयक मांडलं गेलं. एकाच संस्थेला बॉक्सरांशी करार, क्रमवारी आणि पट्टे हे सगळं स्वतःकडे ठेवता यावं, असा त्याचा गाभा. किमान मानधनाची आणि विम्याची तरतूद त्यात आहे, आणि ती चांगलीच आहे. खालच्या पोराला तिचा उपयोग होईल. पण सध्याचा २००० सालचा मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा प्रवर्तकाला बांधतो : लढतीतून आपल्याला किती मिळालं, हे त्यानं बॉक्सरला कळवलंच पाहिजे. यूएफसीच्या मल्लांना हा कायदा लागूच नाही. स्वतःच्या लढतीचा गल्ला कळायला त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. नव्या घडीच्या संस्थेत शिरणाऱ्या बॉक्सरला तो हिशेबाचा कागद मिळणार की नाही, हे विधेयकाच्या अंतिम मसुद्यात आधी वाचावं लागेल. त्या मसुद्यातली कलमं पुढच्या भागात एकेक करून पाहू.