डायरीच्या यंत्रात सिनेमा

गेटवेहून मांडव्याला लाँचने तासभर लागतो. तिथून बोट कंपनीच्या बसने अलिबाग, आणि मुरूड गाठायचं तर रेवदंडा, काशीद करत पुढचा रस्ता. एवढ्या वेळात अख्खा मराठी चित्रपट पाहून होतो. स्मार्टफोन येण्याआधी ही सोय खिशातल्या हातसंगणकाने केली, आणि तीही त्याच्या निर्मात्यांच्या विशेष मनात नसताना.

१९९६ साली आलेला पाम पायलट म्हणजे पत्ते, भेटी आणि टिपणं ठेवायची वही. पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा, करडा. कॉम्पॅकचा आयपॅक २००० साली आला आणि चित्र पालटलं. २०६ मेगाहर्ट्‌झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, २४० बाय ३२० ठिपक्यांचा रंगीत पडदा. हा पडदा बाहेरचा उजेड परतवून उजळत असे. भर दुपारी डेकवर लॅपटॉपचा पडदा काळवंडतो. याचं चित्र उन्हात अधिकच स्पष्ट दिसे. लाँचच्या प्रवासाला याहून सोयीचा पडदा तेव्हा नव्हता.

त्याच जातीचा प्रोसेसर बंगळूरच्या सिम्प्युटरमध्येही होता. भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांच्या पुढाकारातून आकाराला आलेलं हे यंत्र २००४ मध्ये ‘अमिडा’ नावाने बाजारात आलं. यंत्र हाताने हलवून पान उलटायची सोय त्यात आयफोनच्या आधी होती. त्याला मिळायला हवी होती तेवढी दाद मिळाली नाही.

हातसंगणकावर सिनेमा पाहायचा तर खरी मेहनत मात्र प्रवासाला निघायच्या आदल्या रात्रीची. मराठी घरांत तेव्हा सिनेमा-नाटक व्हीसीडीवर असे, एका चित्रपटाच्या दोन-तीन चकत्या. त्यातली फाइल संगणकावर उतरवायची, चित्र ३२० बाय २४० इतकं लहान करायचं आणि आवाज-चित्र मिळून सेकंदाला सुमारे ३०० किलोबिटांत बसवायचं. या हिशेबाने अडीच तासांचा चित्रपट साधारण ३४० मेगाबाइटचा होई, म्हणजे ५१२ मेगाबाइटच्या मेमरी कार्डावर मावून गाण्यांनाही जागा उरे. संगणक रात्रभर घरघरत राही. फाइलला देवनागरी नाव दिलं तर यंत्रावर नुसते चौकोन दिसत, म्हणून रोमन अक्षरांत टाइप करावं लागे.

स्ट्राँगआर्मला अपूर्णांकांची गणितं करणारा वेगळा भाग नव्हता. त्यामुळे जड प्लेअरवर चित्र अडखळे. टीसीपीएमपी या मुक्त प्लेअरने ती अडचण बरीच दूर केली. चित्र आडवं फिरवायची सोयही त्यात होती. गाणी ऐकताना पडदा बंद ठेवला की बॅटरी जास्त पुरे. बॅटरी साफ उतरली, तर जुन्या यंत्रांच्या स्मृतीतले पत्ते, टिपणं, बसवलेला प्लेअर, सगळं पुसलं जाई. कार्डावरचा चित्रपट तेवढा शाबूत राही. विंडोज मोबाइल ५ ही प्रणाली आल्यावर, २००५ पासून, तिच्यावर चालणाऱ्या यंत्रांत हे संकट टळलं.

आज तेच काम फोन करतो, पण बहुतेकांची भिस्त नेटवर्कवर. डोंगराआडच्या वळणावर सिग्नल गेला की चित्र जागीच थांबतं. हातसंगणकवाल्याला ही चिंता नव्हती, कारण काय पाहायचं ते त्याने घरूनच ठरवून, निवडून आणलेलं असे. प्रवासाची ही रीत फोनवरही पाळण्याजोगी आहे.

कपाटात असं यंत्र पडून असेल, तर आधी बॅटरी फुगली आहे का ते पाहावं. मग कार्ड काढून त्यावरची नाटकं संगणकावर उतरवून घ्यावीत. त्यांतली काही आता विकत मिळतीलच असं नाही.