रद्दीच्या तराजूतील इतिहास

दिवाळीपूर्वीची आवराआवर सुरू झाली, की मध्यमवर्गीय घरांतील माळे रिकामे होऊ लागतात. मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या बरण्या यांच्याबरोबर सुतळीने बांधलेले साप्ताहिकांचे गठ्ठेही खाली उतरतात. वडिलांनी किंवा आजोबांनी वर्षानुवर्षे जपलेले हे अंक पाच मिनिटांत तराजूवर चढतात आणि किलोच्या भावाने जातात. पुस्तक रद्दीत घालताना जो हात थोडा तरी अडखळतो, तो साप्ताहिकाच्या बाबतीत मुळीच अडखळत नाही. आठवडा सरला की अंकाचे आयुष्य सरले, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

इतिहासाच्या ग्रंथाला शेवट ठाऊक असतो. वृत्तसाप्ताहिकाला तो ठाऊक नसतो. जुन्या अंकाचे खरे मोल या अज्ञानातच आहे. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली. ३१ ऑक्टोबरच्या अंकात त्यांचा कौल प्रसिद्ध झाला तो लँडन यांच्या बाजूने. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली आणि १९३८ मध्ये ते साप्ताहिकच बंद पडले. पाठ्यपुस्तकात ही चूक एका वाक्यात येते. तो अंक हाती धरला, म्हणजे मात्र आकड्यांच्या ढिगाऱ्यावर उभे राहून शहाणी माणसे किती निःशंकपणे चुकतात, हे डोळ्यांना दिसते.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर प्रसिद्धीपूर्व तपासणी आली. त्या जूनच्या आरंभीचा एखादा अंक आणि त्याच साप्ताहिकाचा ऑगस्टमधील अंक शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. काय छापले गेले याइतकेच काय छापले गेले नाही, हेही तेथे वाचता येते. ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचा मजकूर नियंत्रकाने अडविला, तेव्हा मिनू मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. निकालपत्र कायद्याच्या ग्रंथांत सुरक्षित आहे. पण ज्या अंकांसाठी तो लढा झाला, ते किती जणांनी जपले असतील? आणि केवळ राजकारणच कशाला? नव्या स्कूटरची जाहिरात, नोकरीच्या अर्जाचा मासला, वाचकाचे रागावलेले पत्र, मुखपृष्ठावर छापलेली किंमत, या साऱ्यांतून त्या दशकातला सामान्य माणूस बोलत असतो. ग्रंथकार त्याला सहसा बोलू देत नाहीत.

परदेशी नियतकालिके या बाबतीत भाग्यवान ठरली आहेत. १९३६ पासून १९७२ पर्यंतचे ‘लाइफ’ आज घरबसल्या संगणकावर पाहता येते. श्री. ग. माजगावकरांनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या ‘माणूस’चे किंवा ग. वा. बेहेऱ्यांच्या ‘सोबत’चे सर्व अंक सलग पाहावयाचे म्हटल्यास अभ्यासकाला दारोदार हिंडण्याची तयारी ठेवावी लागते. प्रकाशकाने प्रत्येक अंकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी, असा १९५४ चा कायदा आहे. १९५६ मध्ये तो वृत्तपत्रांनाही लागू झाला. कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथे या प्रती जमा व्हाव्यात, अशी त्यामागची योजना. परंतु लहान नियतकालिकाचा प्रत्येक अंक तेथे पोचलाच असेल, असा भरवसा कोणी द्यावा? मधली रिकामी जागा आजवर भरून काढली ती खाजगी संग्राहकांनी.

मात्र संग्राहकांचेही सारेच कौतुक करण्याजोगे नसते. कित्येकांना हवा असतो तो फक्त पहिला अंक किंवा एखादे गाजलेले मुखपृष्ठ. १८४२ मध्ये निघालेल्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधील चित्रांची पाने फाडून, चौकटीत बसवून विकणारे व्यापारी आहेत. भिंत सजते आणि अंक कायमचा अपंग होतो. पहिला अंक कोणीतरी जपतोच. अभ्यासकाला अडते ते बाराव्या वर्षाच्या सदतिसाव्या अंकावाचून. ज्याला सलग वर्ष जमविण्याचा छंद आहे, तोच खरा संग्राहक.

शिवाय या कागदाला आयुष्यही थोडे असते. वृत्तपत्री कागद लाकडाच्या यांत्रिक लगद्यापासून बनतो. त्यातील लिग्निन उजेडाने व हवेने पिवळे पडते, आम्ल वाढते आणि पान घडीवर तुटते. आपल्या दमट पावसाळ्यात टाचण्या गंजून भोवतालचा कागदही खातात. यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. गंजलेली टाचणी काढून सुती दोरा घालावा, अंक आडवे ठेवावेत, ऊन लागू देऊ नये आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मुळीच लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत कागदावर कायमचा डाग पाडतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे यादी. माझ्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त शिक्षकांनी तीस वर्षे साप्ताहिके जमविली. कोणते अंक आहेत आणि कोणते नाहीत, हे फक्त त्यांनाच ठाऊक होते. ते गेले आणि महिन्याभरात कपाटे मोकळी झाली. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याची यादी नाही, त्याची किंमत वारसांना कळावी तरी कशी? दाते, काळे आणि बर्वे यांनी मराठी नियतकालिकांची सूची सिद्ध केली, ती एकेका अंकाचा शोध घेत. तेवढे परिश्रम सर्वांना झेपणार नाहीत. पण एका वहीत वर्ष, अंक आणि तारीख लिहिणे कोणालाही जमेल. ती वही जवळच्या ग्रंथालयाला दाखवावी, आपल्या पश्चात संग्रह कोठे जावा हे लिहून ठेवावे. महाविद्यालयांनीही विद्यार्थ्यांना एखादा प्रकल्प म्हणून अशा याद्या करावयास सांगाव्यात.

यंदा माळा आवरताना गठ्ठ्याची सुतळी एकदा सोडून पाहावी, एवढीच विनंती. रद्दीवाला पुढच्या रविवारीही येणारच आहे. त्याने नेलेला अंक मात्र परत येणार नाही.