बिळातला ससा, पातेल्यातला ससा

इंग्लंडच्या शेतांत बीळ करून राहणारा रानससा सोलला की मांस फिकट गुलाबी निघतं. त्याच शेतात उघड्यावर राहणारा त्याचा लांब कानांचा, मोठ्या अंगाचा चुलतभाऊ मात्र आतून गडद, काळपट लाल असतो. दोघंही गवतपाल्यावरच वाढलेले. मग एवढा फरक कुठून आला? उत्तरासाठी जमिनीखाली जावं लागतं.

बीळवाला ससा घरापासून फार लांब चरत नाही. धोका जाणवला की चार झेपांत आत गडप. उघड्यावरच्या भावाला बीळच नाही, त्यामुळे त्याला जीव वाचवायला लांबवर, न थकता धावावं लागतं. अशा दमाच्या धावेसाठी स्नायूंमध्ये प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन भरपूर लागतं, आणि मांसाला तांबडा रंग येतो तो त्यामुळेच. घर असणं आणि नसणं असं थेट मांसात उतरलेलं पाहिलं की मी थक्क होते. बिळातली पिल्लंही डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली जन्मतात. उघड्यावरची मात्र अंगभर केस आणि टक्क उघडे डोळे घेऊनच येतात.

आपल्या महाराष्ट्रात माळावर दिसतो तो या दुसऱ्या कुळातला, बीळ न करणारा. त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि त्याची शिकार हा गुन्हा आहे. इथे सांगते आहे ती इंग्लंडची रीत. तिथे बीळवाला ससा पिकाचा शत्रू गणला जातो आणि जमीनमालकाची परवानगी घेऊन तो धरता येतो.

मुळात तो तिथला नव्हेच. त्याचं माहेर स्पेन-पोर्तुगाल. नॉर्मन लोकांनी मध्ययुगात तो मांसासाठी आणि कातड्यासाठी इंग्लंडात आणून पाळला. थंड, ओल्या हवेत तो नीट तगेना, म्हणून त्याच्यासाठी भुसभुशीत मातीचे उंचवटे रचून दिले आणि राखणदार नेमले. नॉरफकमध्ये थेटफर्डजवळ अशा राखणदाराची दगडी दुमजली गढी अजून उभी आहे. पुढे ससा सुटला, पसरला आणि शेतकऱ्यांच्या डोक्याला ताप झाला. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ आली आणि काही वर्षांत तिथले शंभरातले नव्याण्णव ससे मेले. डोळे सुजलेले, आंधळे झालेले ससे रस्त्याकडेला पाहिलेल्या पिढीच्या ताटातून ससा उतरला तो बराच काळ उतरलेलाच राहिला. माणसाला तो रोग होत नाही, पण असा ससा आजही कोणी खात नाही.

ससा धरायला शिकणाऱ्या नवशिक्याला एक फार जुनी पद्धत दाखवतात ती फेरेटची. फेरेट हा पाणमांजराच्या कुळातला लांबुडका, पाळीव प्राणी. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने दोन हजार वर्षांपूर्वी स्पेनबद्दल लिहिताना, मुसकी बांधून बिळात सोडायच्या अशाच प्राण्याची नोंद केली आहे.

हंगाम हिवाळ्याचा. झुडपं वाळून बिळांची तोंडं दिसू लागतात आणि आत पिल्लं असण्याची शक्यता सर्वांत कमी असते. तोंडाशी ताजी उकरलेली माती आणि ताज्या लेंड्या असल्या तर बीळ नांदतं आहे. कोळ्याचं जाळं शाबूत असलं तर पुढे चालायचं. मग दबक्या पावलांनी प्रत्येक तोंडावर जाळी पसरायची. जाळीच्या कडेने दोरी ओवलेली असते आणि ती खुंटीला बांधलेली; ससा आदळला की त्याच्याच वेगाने दोरी आवळली जाते. इथे बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. ससे स्वतः मागचा पाय जमिनीवर आपटून एकमेकांना धोका कळवतात, त्यामुळे वर चाललेली धडपड त्यांना बरोबर समजते.

फेरेट आत जातो. थोडा वेळ काहीच होत नाही, मग पायाखाली घुमल्यासारखी धडधड जाणवते आणि जाळी उसळते. कधी ससा बाहेर येतच नाही, फेरेट त्याला आतच मारून तिथेच बसतो. पूर्वी अशा वेळी दोरी बांधलेला दुसरा फेरेट सोडत आणि दोरीच्या गाठी मोजून कुठे, किती खणायचं ते ठरवत. आता गळ्यातल्या पट्ट्यात बसवलेला ट्रान्समीटर ते सांगतो.

सापडलेल्या सशाची मान एका झटक्यात मोडायची असते. हे वाचून येणारं काम नव्हे. जाणत्याच्या शेजारी उभं राहून शिकायचं आणि हात बसेपर्यंत जिवंत सशाला हात लावायचा नाही, असं माझं ठाम मत आहे.

लगेच ओटीपोट अंगठ्याने मागच्या बाजूला दाबून मूत्राशय रिकामं करतात, नाहीतर मांसाला वास लागतो. मग पोट फाडून आतडी काढायची. सुरी उथळ धरायची, कारण आतडं फुटलं तर सगळं नासतं. हातात मोजे हवेत: अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागात सशांमार्फत टुलरेमिया हा जिवाणूंचा आजार माणसाला होऊ शकतो. कलेजी निरखून पाहायची. ती गडद आणि एकसारखी असली तर ठीक, पांढरे ठिपके दिसले तर ससा टाकून द्यायचा. चिकटलेलं पित्ताशय न फोडता वेगळं काढायचं.

कातडं मात्र घट्ट स्वेटर काढावा तसं ओढून निघतं, सुरी जेमतेम लागते. आणि आता पुढचा पाय हातात घ्या. तो बाजूला ओढून खांद्यामागून सुरी फिरवली की अख्खा पाय सुटतो, एकही हाड कापावं लागत नाही. पुढचे पाय धडाला सांध्याने जोडलेलेच नसतात, नुसत्या स्नायूंनी धरलेले असतात. धावताना, उडी मारून उतरताना बसणारा हादरा हे स्नायूच झेलतात. मागच्या पायांचा सांधा मात्र खुब्यात पक्का बसलेला. उडीचा सगळा जोर तिथून निघतो, म्हणून मांसही तिथेच जास्त.

या मांसात चरबी जवळपास नाहीच. उत्तरेकडच्या गोठलेल्या जंगलांत नुसत्या सशांवर दिवस काढणारी माणसं पोट भरूनही खंगत, त्यांना जुलाब लागत. ध्रुवप्रदेशात राहून आलेल्या स्टेफान्सनने ही 'सशाची उपासमार' लिहून ठेवली आहे. नुसत्या प्रथिनांतून यकृत ठरावीक मर्यादेपर्यंतच ऊर्जा काढू शकतं. सोबत चरबी किंवा पिष्ट लागतंच.

इंग्रज बायका हे शास्त्र न वाचताच सशाच्या पातेल्यात आधी खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे टाकत आल्या. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलेले सशाचे तुकडे कोरडे करून त्या डुकराच्या चरबीत तांबूस परतायचे. मग कांदा, गाजर, थाईम आणि सफरचंदाची सायडर घालून झाकण ठेवायचं. मांड्यांना मंद आचेवर दीड-दोन तास लागतात. कोवळ्या सशाचा कान सहज फाटतो, तसा असला तर वेळ कमी लागतो. पाठीचं मांस नाजूक, ते शेवटी घालून शिजेपर्यंतच ठेवायचं, नाहीतर भुशासारखं कोरडं होतं. बरगड्यांची हाडं बारीक आणि टोकदार असतात, म्हणून मुलांच्या ताटात मांड्याच वाढाव्यात.