गर्भवतीच्या उलट्या : केव्हा निश्चिंत राहावे, केव्हा रुग्णालय गाठावे

गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मळमळणे व उलट्या होणे ही इतकी सर्वसामान्य बाब आहे की, अनेक घरांत नव्या जिवाची पहिली चाहूल तिच्यामुळेच लागते. दर दहा गर्भवतींपैकी सुमारे सात ते आठ जणींना हा त्रास कमीअधिक प्रमाणात होतो. बहुतेकींच्या बाबतीत तो काही आठवड्यांत आपोआप शमतो आणि माता किंवा गर्भ यांना त्यापासून इजा पोहोचत नाही. परंतु शंभरांतील एखाद-दुसऱ्या स्त्रीच्या बाबतीत याच त्रासाला गंभीर आजाराचे रूप येते. "दिवस गेले की उलट्या व्हायच्याच" ही समजूत बहुतेकींना धीर देणारी असली, तरी त्या एखादीच्या जिवावर बेतू शकते. म्हणून या दोहोंतील फरक गावपातळीवरील प्रत्येक जबाबदार व्यक्तीस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

त्रासाचे स्वरूप व कारण

हा त्रास सकाळचा मानला जातो. प्रत्यक्षात तो दिवसा किंवा रात्री केव्हाही होऊ शकतो. साधारणतः सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याला प्रारंभ होतो, नवव्या आठवड्याच्या आसपास तो सर्वाधिक असतो आणि बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो. काही थोड्या स्त्रियांना मात्र तो प्रसूतीपर्यंत पुरतो.

गर्भावस्थेतील संप्रेरकांच्या बदलांशी याचा संबंध असावा, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या विषयावर नवा प्रकाश टाकला. गर्भ व वार यांतून 'जीडीएफ-१५' नावाचे प्रथिन मातेच्या रक्तात येते व ते मेंदूतील उलटीच्या केंद्रास चेतविते. गर्भधारणेपूर्वी ज्या स्त्रीच्या रक्तात हे प्रथिन अल्प असते, तिला त्याची सवय नसल्यामुळे त्रास अधिक होतो. तात्पर्य, या उलट्या स्त्रीच्या मनाचे खेळ नव्हेत, तसेच कामाची टाळाटाळही नव्हे. उलट्यांच्या प्रमाणावरून मुलगा की मुलगी याचे अनुमानही करता येत नाही. ज्यांना मळमळ होत नाही, त्यांनीही चिंता करण्याचे कारण नाही.

घरी करावयाचे उपाय

रिकामे पोट हे मळमळीचे मोठे निमित्त होय. अंथरुणातून उठण्यापूर्वीच भाकरीचा कोरडा तुकडा, ज्वारीच्या किंवा साळीच्या लाह्या, कुरमुरे अथवा फुटाणे खावेत व थोड्या वेळाने उठावे. दोन वेळच्या भरपेट जेवणाऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे. मऊ भात, नाचणीची पेज, वरण असे सौम्य अन्न सहसा पचते. तेलकट व मसालेदार पदार्थ तूर्त टाळावेत. पाणी, ताक, लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत घोटाघोटाने घ्यावे. आल्याचा काहींना उपयोग होतो. फोडणीचा वास सोसत नसल्यास काही आठवडे चुलीचे काम घरातील अन्य व्यक्तींनी करावे. या काळात कडक उपवास धरू नयेत.

मळमळ थांबावी म्हणून मिश्री लावण्याची सवय काही भागांत आढळते. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिच्यामुळे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. माती किंवा राख खावीशी वाटणे हा केवळ डोहाळ्यांचा प्रकार न समजता रक्ताची तपासणी करून घ्यावी.

लोहाच्या गोळीने मळमळ वाढते म्हणून अनेक स्त्रिया ती टाकून देतात. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक आम्लाची आणि चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी दिली जाते. त्या वेळीही त्रास होत असल्यास लोहाची गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. परस्पर बंद करू नये.

औषधांविषयीची भीती

गर्भारपणात औषध घेण्याची धास्ती निराधार नाही. १९५७ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध विक्रीस आले व गर्भवतींच्या मळमळीवरही ते दिले जाऊ लागले. त्यामुळे जगभर हजारो बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली आणि १९६१ च्या अखेरीस ते तेथील बाजारातून मागे घेण्यात आले. या घटनेचा धडा असा की, दुकानातून परस्पर गोळी आणून घेऊ नये. मात्र त्याचा अर्थ औषधच नको, असा नाही. डॉक्सिलामाइन व ब-६ जीवनसत्त्व यांचे संयुक्त औषध अनेक दशकांच्या वापरात गर्भास सुरक्षित ठरले आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते अवश्य घ्यावे.

धोक्याच्या खुणा

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे :

* दिवसभरात पाणीसुद्धा पोटात न टिकणे;
* लघवी गडद व अत्यल्प होणे, किंवा आठ तासांत न होणे;
* उभे राहताच घेरी येणे, किंवा वजन झपाट्याने घटणे;
* उलटीत रक्त, ताप, पोटात तीव्र वेदना, डोळ्यांत पिवळेपणा किंवा लघवीला जळजळ.

पाचव्या महिन्यानंतर उलट्यांसोबत डोके दुखणे, अंधारी येणे किंवा चेहऱ्यावर सूज असल्यास ते रक्तदाब वाढल्याचे चिन्ह असू शकते. अनेक दिवस अन्न न टिकल्यास शरीरातील ब-१ जीवनसत्त्व संपते व मेंदूस इजा होऊ शकते. अशा वेळी केवळ ग्लुकोजची बाटली लावणे घातक ठरू शकते. तत्पूर्वी ब-१ जीवनसत्त्व देणे आवश्यक असते. यासाठीच योग्य रुग्णालयातील उपचारांचे महत्त्व आहे.

गावाची जबाबदारी

हा त्रास तीव्र असतो तो नेमका पहिल्या बारा आठवड्यांत, आणि गर्भवतीची नोंदणीही याच मुदतीत होणे अपेक्षित असते. म्हणून आशा स्वयंसेविकेने नोंदणी करतानाच उलट्यांची विचारपूस करावी व वजन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावे. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी जाणाऱ्या स्त्रिया पहाटेच फडात उतरतात. त्यांच्याबाबत ही दक्षता अधिक हवी. कार्ड त्यांच्यासोबत असावे आणि मुक्कामाच्या गावातील आरोग्य सेविकेने त्यांची विचारपूस करावी.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये २०११ पासून शासकीय रुग्णालयांत गर्भवतीस औषधे, तपासण्या, आहार व वाहन विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. ही माहिती घरोघरी पोहोचविणे हे पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे. शिक्षकांनी पालक सभेत आणि सदस्यांनी ग्रामसभेत धोक्याच्या खुणा वाचून दाखवाव्यात. विशेषतः पती व सासू यांना त्या समजल्या, तर रुग्णालयाकडे निघण्याचा निर्णय वेळेत होईल.