खाडा नको, पण पहाटे सहाच कशाला?

“न्यू जर्सीला उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे सहाला बूट घालून बाहेर! एक दिवस खाडा नाही.” मुलांकडे राहून आलेल्या, साठी ओलांडलेल्या मंडळींकडून हे वाक्य पुण्यातल्या तळजाई टेकडीवर किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. पाठोपाठ सल्लाही येतो: तिथल्या घड्याळाप्रमाणे पहाटेच घाम काढा, जेट लॅग आपोआप पळतो. सांगणाऱ्याची शिस्त खरी असते, म्हणून ऐकणाऱ्यालाही पटतं. पण सल्ला चुकीचा आहे, आणि तो पाळून माणसं स्वतःचाच त्रास लांबवतात.

साधा हिशेब करू. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते. तिथे पहाटेचे सहा वाजतात, तेव्हा पुण्यात दुपारचे साडेतीन झालेले असतात. मनगटावरचं घड्याळ विमानातच बदलता येतं, मेंदूतलं नाही. ते दिवसाला जेमतेम तास-दीड तास सरकतं. म्हणजे पहिल्या पहाटे तुम्ही बुटाची नाडी बांधता, तेव्हा शरीराच्या लेखी दुपारच्या चहाची वेळ झालेली असते.

मग साडेतीनच्या व्यायामाने काय होतं? २०१९ साली ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त शॉन यंगस्टेड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे शंभर जणांना सलग तीन दिवस, रोज एक तास ट्रेडमिलवर चालवलं किंवा पळवलं. गटागटाची वेळ वेगळी. शरीराच्या सकाळी सातला किंवा दुपारी एक ते चारच्या दरम्यान व्यायाम केला, तर शरीराचं घड्याळ अलीकडे सरकलं. संध्याकाळी सात ते रात्री दहाच्या दरम्यान केला, तर ते पलीकडे गेलं. यात तरुण होते तसे ५९ ते ७५ वयाचेही होते, आणि वयाने फरक पडला नाही.

अमेरिकेत पोचल्यावर आपल्याला झोप पलीकडेच ढकलायची असते. दुपारी एकला मिटू लागणारे डोळे रात्री साडेदहापर्यंत उघडे ठेवायचे असतात. पहाटे सहाची कसरत नेमकी उलट्या दिशेला ओढते! घाम काढल्याने काहीच होत नाही असं नाही. होतं, पण नको ते होतं.

शरीराची ‘संध्याकाळी सात ते दहा’ ही वेळ न्यू जर्सीत पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊ ते साडेबारा अशी येते. तेव्हा चाला, आणि उघड्यावर चाला. शरीराचं घड्याळ हलवण्यात उजेडाचा जोर व्यायामापेक्षा जास्त असतो. दुपारचा उजेडही हवाच, पण पहिल्या दिवशी संध्याकाळी सहानंतरचं ऊन टाळा, कारण ते पुन्हा उलट ओढतं. पुढे रोज ही वेळ तास-दीड तासाने उशिरा न्यायची.

परतीला तर चूक आणखी महागात पडते, कारण बहुतेकांना पूर्वेकडचा प्रवास जास्त जड जातो. पुण्यात पहाटे सहाला टेकडी चढता, तेव्हा शरीराचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. आता झोप अलीकडे आणायची असते आणि ती चढण तिला पलीकडे ढकलते. मग रात्री दोनला टक्क जागे, आणि वर “वय झालं आता” हा निष्कर्ष. वयाचा काय दोष?

बाकीचे समज थोडक्यात. दहा दिवस व्यायाम सुटला की कमावलेलं सगळं जातं, असं म्हणतात. जात नाही. २०२१च्या एका आढाव्यानुसार व्यायाम आठवड्यातून दोनदावर आणला किंवा दर वेळचा १३ ते २६ मिनिटांवर आणला, तरी दम टिकतो, फक्त जोर नेहमीइतका हवा. ज्येष्ठांना ताकदीचे व्यायाम मात्र आठवड्यातून दोनदा लागू शकतात. संध्याकाळच्या व्यायामाने झोप उडते, हेही सरसकट खरं नाही. झोपण्याआधीच्या तासाभरात दमछाक करू नका, एवढंच. हॉटेलात जिम नाही म्हणून अडतं म्हणावं, तर जिना आणि भिंत सगळीकडे असतात. विमानात गप्प बसून राहणं म्हणजे विश्रांती, हा समज मात्र धोक्याचा. चार तासांहून लांबच्या प्रवासात शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालात आहे. एरवी तो फार कमी असतो, तरी बसल्या जागी टाचा वर-खाली करत राहा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून जेवण, डोस आणि चालणं या तिन्हींच्या वेळा लिहून घ्याव्यात. अंदाजाने काही करू नये.

आणि परत आल्यावर पहिले तीन-चार दिवस कृपा करून पहाटे टेकडीवर येऊ नका. दुपारपर्यंत कडक ऊन टाळा आणि साडेचारला या. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात.