याझ्दमधला एक दिवस: वर बघायचं की खाली?

ज्यांना ऑडिओ ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना माझे जे शंभर वेळा 'म्हणजे' झाले होते, त्यातले नव्वद कापलेत. बाकीचे सांभाळून घ्या.

आजचं शहर आहे याझ्द. इराणच्या मधोमध, वाळवंटाच्या कुशीत. इथे वर्षाला पाऊस पडतो साधारण ६० मिलिमीटर. आपल्या मुंबईत जुलैमधल्या एका दुपारी तेवढा पडून जातो आणि लोकल पाच मिनिटं लेट होते, बास. आता विचार करा, तेवढ्या पावसावर एक अख्खं शहर शेकडो वर्षं कसं जगलं असेल?

ग्रुप टूरमध्ये याझ्दच्या वाट्याला सहसा एकच दिवस येतो, शिराझ आणि इस्फहानच्या मध्ये कोंबलेला. आमचंही तेच होतं. एक बस, चोवीस माणसं, निम्मी मंडळी साठीच्या पुढची, आणि प्रत्येक ठिकाणी गाइडचं ठरलेलं वाक्य, "फक्त चाळीस मिनिटं." सकाळी अग्निमंदिर, मग जामे मशीद, दुपारी जेवण, नंतर दौलताबाद बाग, संध्याकाळी अमीर चखमाक चौक. यादी नीट बघितली तर लक्षात येतं, यात सगळ्या उभ्या गोष्टी आहेत. मिनार, मनोरे, कमानी. फोटो छान येतात. पण याझ्द चालायचं ते पायाखालच्या गोष्टींवर. त्यामुळे कधी गेलात तर प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न विचारा: इथे पाणी कुठून यायचं?

अग्निमंदिर पटकन उरकतो, कारण तिथे बघायला फार नाही. साधी देखणी इमारत, समोर गोल हौद, आत काचेपलीकडे अग्नी. तो इसवी सन ४७० च्या सुमारापासून अखंड जळतोय अशी परंपरा सांगतात, जागा मात्र बदलत आली. आत्ताची इमारत १९३४ ची, आणि तिला भारतातल्या पारशी मंडळींची मदत होती. आपल्याकडच्या बऱ्याच इराणी कॅफेवाल्यांची मुळंही याझ्द आणि कर्मानच्या आसपासच्या गावांत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला ही झरथुश्त्री कुटुंबं गरिबीला आणि छळाला कंटाळून मुंबई-पुण्याकडे आली. हे कळल्यावर आमच्यातल्या एका काकूंनी लगेच विचारलं, "म्हणजे बन मस्का इथेच मिळत असेल?" नाही मिळत, काकू. बन मस्का मुंबईचाच.

आता जामे मशीद. चौदाव्या शतकातली, निळ्या टाइल्सची, सुमारे पन्नास मीटर उंच जोड मिनार. सगळे माना वर करून उभे असतात. पण इथेच जमिनीखाली झार्च नावाची कनात जाते, आणि तिच्यापर्यंत उतरायला पायऱ्या आहेत. पाण्यापर्यंत नेणाऱ्या अशा जिन्याला 'पायाब' म्हणतात. वर उकळतंय आणि खाली चक्क गारवा.

कनात म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे भूजल मिळतं, तिथे एक खोल विहीर खणायची. ती मूळ विहीर, तिला आईविहीर म्हणतात. तिथून शहरापर्यंत जमिनीखालून एक बोगदा काढायचा, अगदी किंचित उताराचा. पाणी आपोआप वाहत येतं. पंप नाही, मोटार नाही, लाइट गेली तरी फरक नाही. वर उघडा कालवा नसल्यामुळे बाष्पीभवनही फार कमी. विमानातून वाळवंटात जी खड्ड्यांची रांग दिसते, ती याच बोगद्याची. ठरावीक अंतरावर उभे शाफ्ट खणायचे, माती वर काढायला आणि आत हवा यायला. झार्च कनात ७० किलोमीटरहून लांब आहे.

खरी करामत उतारात आहे. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याचा तळ कापत सुटतं, मग माती ढासळते. कमी झाला तर गाळ साचतो आणि प्रवाह मंदावतो. कित्येक किलोमीटर हा उतार सांभाळायचा, तोही जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात. हे काम करणाऱ्यांना मुकन्नी म्हणतात. बोगदा कोसळून त्यात मुकन्नी मेल्याच्या गोष्टी या भागात भरपूर. आम्ही ऑफिसात सर्व्हर पडला की 'क्रिटिकल' म्हणतो, ते जाऊ दे.

पाणी आलं, पण ते कुणाचं? मला हा भाग सगळ्यात भारी वाटला. कनातीतल्या पाण्याची मालकी लिटरमध्ये नाही, वेळेत मोजायचे. आपल्याकडे कालव्याची पाणीपाळी असते ना, तसंच. मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली वाटी ठेवायची. ती भरून बुडाली की एक माप संपलं. तुझ्या शेताला इतक्या वाट्या, माझ्या शेताला इतक्या. हा हक्क वारशाने मिळायचा, विकताही यायचा. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त बघायला घंगाळात घटिकापात्र सोडायचे, तेच तंत्र. फक्त तिथे वाटी बुडाली की अक्षता नाही, शेजाऱ्याचा पाट सुरू. वाटणी बघणाऱ्या माणसाला मीराब म्हणत, आणि त्याच्यावर गावाचा विश्वास नसेल तर भांडण ठरलेलं.

२०१६ मध्ये युनेस्कोने इराणच्या ११ कनाती जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यात झार्चही आहे. पुढच्याच वर्षी याझ्दचं जुनं शहर यादीत गेलं.

दुपारी बाजार बंद असतो. उन्हाळ्यात सगळं शहर वामकुक्षी घेतं, पुणेकरांना एकदम घरच्यासारखं वाटेल. सोबत रोख पैसे असू द्या, निर्बंधांमुळे आपली कार्डं तिथे चालत नाहीत. भाव रियालमध्ये आहे की तोमानमध्ये, तेही आधी विचारा. एक तोमान म्हणजे दहा रियाल, आणि दुकानदार बोलतात तोमानमध्ये.

मग दौलताबाद बाग. अठराव्या शतकातली. इथला बादगीर ३३ मीटरहून उंच, अष्टकोनी. बाद म्हणजे वारा, गीर म्हणजे पकडणारा. जहांगीरमधला 'गीर' हाच. इंटरनेटवर याला 'प्राचीन एसी' म्हणतात, ते मला पटत नाही. एसी मशीनने थंडी तयार करतो. बादगीर फक्त हवेला वाट देतो. उंचावरचा वारा एका बाजूने आत येतो आणि खाली ढकलला जातो, दुसऱ्या बाजूने खोलीतली गरम हवा ओढली जाते. वारा नसेल तर गरम हवा हलकी होऊन मनोऱ्यातून वर निघून जाते. आणि पुन्हा, पाणी! बादगीराच्या बरोबर खाली हौद आहे. कोरडी हवा त्यावरून गेली की गार होते. नागपूरचा डेझर्ट कूलर आठवा, तत्त्व तेच. म्हणूनच हे मुंबईत चालणार नाही, आपली हवा आधीच ओली. जुन्या वाड्यांत तर तळघरापर्यंत कनातीचा गारवा पोचायचा.

संध्याकाळी अमीर चखमाक. तीन मजली कमानींवर दिवे लागतात, सगळे सेल्फी काढतात, कुणीतरी पश्मक विकत घेतं. पश्मक म्हणजे आपल्या 'म्हातारीच्या केसां'ची जास्त शिकलेली बहीण. तिथून चालत जवळच एक तालीम आहे, झुरखाना. पैलवान ढोलाच्या ठेक्यावर लाकडी मुद्गल फिरवतात. ती तालीम एका जुन्या आब-अंबारात आहे. आब म्हणजे पाणी, अंबार म्हणजे साठा, आपल्या धान्याच्या अंबारातलाच. कनातीचं पाणी या घुमटाखालच्या टाक्यांत साठवायचे.

म्हणजे आज जिथे तालीम भरते तिथे आधी पाणी होतं. मग ते गेलं कुठे?

विसाव्या शतकात डिझेल आणि विजेचे पंप आले, खोल बोअर झाले. कनात भूजलाच्या पातळीतून जेवढं आपसूक येईल तेवढंच घेते, बोअर पातळीच खाली नेतो. एकाने बोअर मारला की शेजारच्या शंभर जणांची कनात आटते. मराठवाड्यातल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. वाटीने मोजून वाटलेलं पाणी ज्याच्याकडे मोटार त्याचं झालं. याझ्दच्या आसपासच्या कित्येक कनाती अशाच कोरड्या पडल्या.

शहर मात्र वाढत गेलं. टाइल्सचे कारखाने आले. मग गेल्या पंचवीसेक वर्षांत पाणी येऊ लागलं ते सुमारे ३०० किलोमीटरवरून, पाइपलाइनने, इस्फहानच्या झायंदेरूद नदीच्या खोऱ्यातून. तिकडे नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असते. शेतकरी म्हणतात, आमचं पाणी याझ्दला नेलं. त्यांनी ही पाइपलाइन एकदा नाही, अनेकदा फोडली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये इस्फहानच्या कोरड्या पात्रातच हजारो लोक निदर्शनं करायला जमले होते. याझ्दच्या घरांत तेव्हा टँकरची वाट बघणारी माणसं होती, हेही विसरू नका. दोन्ही बाजूंना तहान आहे, आणि दोघांना मान्य होईल असा मीराब कुणीच नाही.

ग्रुप टूरची बस दुसऱ्या दिवशी सकाळी इस्फहानला निघते, म्हणजे पाइपलाइनमधलं पाणी जिथून येतं तिकडेच. तिथे पोचल्यावर तेहेतीस कमानींच्या पुलावर, सी-ओ-से-पोलवर, सगळे धावतात. पुलाखाली पाणी असेल तर नशीब समजा. नसेल तर खाली उतरून पात्रात चालता येतं, बरीच मंडळी चालतात.

तिकीट काढण्याआधी व्हिसाचे नियम आणि परराष्ट्र मंत्रालयाची सूचना नक्की तपासा, तिथली परिस्थिती झपाट्याने बदलते. पुढच्या एपिसोडमध्ये औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, मलिक अंबरने बांधलेली नहर-ए-अंबरी. तीही जमिनीखालूनच येते. तुमच्यापैकी कुणी पाणचक्कीच्या आसपास राहत असेल, तर घरच्या मोठ्या माणसांना विचारून नहरीच्या आठवणी व्हॉइस नोटमध्ये पाठवा.