मत कुणाला? नव्हे, कुणाच्या विरोधात!

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान, बुधवारची सुट्टी. हिंजवडीतला माझा एक मित्र पहाटेच बाइकवरून गावी, सोनईला निघाला. दुपारी शाई लावलेल्या बोटाचा फोटो आला. ‘कुणाला दिलंस?’ विचारलं, तर म्हणाला, ‘ते सोड ना यार. त्यांना पाडायचं होतं, बस्स!’

आता बोला! दीडशेएक किलोमीटर गाडी हाणली, ती कुणाला तरी पाडायला.

हसू नका. अमेरिकेत अब्रामोविट्झ आणि वेबस्टर या अभ्यासकांनी २०१६ मध्ये हेच मांडलं. तिथला मतदार आपल्या पक्षाला घट्ट चिकटतो, तो त्याच्या प्रेमापेक्षा समोरच्याच्या तिटकाऱ्यामुळे. पण तिथे मुख्य पक्ष दोनच आणि तेही जागच्या जागी. आमच्याकडे?

सोनई म्हणजे शनिशिंगणापूरच्या शेजारचं, मुळा साखर कारखान्याचं आणि गडाखांचं गाव. शंकरराव गडाख २००९ ला नेवाशातून राष्ट्रवादीचे आमदार झाले, २०१४ ला भाजपच्या बाळासाहेब मुरकुटेंकडून हरले, २०१९ ला क्रांतिकारी शेतकरी पक्षातून परत आले आणि ठाकरे सरकारात मंत्री झाले. २०२० मध्ये हातात शिवबंधन. २०२४ ला ते मशाल घेऊन उभे, तर धनुष्यबाण समोरच्या विठ्ठलराव लंघेंकडे! जिंकले लंघे.

चिन्हं एवढी फिरली, राग मात्र जागेवरच. कारण इथे विचारतात, ‘कोणत्या गटाचा?’ पक्षाचं नाव नंतर. गट म्हणजे कारखाना, सोसायटी, ग्रामपंचायत, सोयरीकसुद्धा.

हे आजचं नाही. १९९१ ची नगरची लोकसभा निवडणूक जुनी मंडळी अजून रंगवून सांगतात. काँग्रेसचे यशवंतराव गडाख विरुद्ध अपक्ष बाळासाहेब विखे पाटील, म्हणजे दोघंही मुळात काँग्रेसवालेच. गडाख जिंकले, विखे कोर्टात गेले. प्रचारात विखेंवर केलेल्या आरोपांवरून १९९३ मध्ये हायकोर्टाने गडाखांची निवड रद्द केली, सुप्रीम कोर्टातही ती वाचली नाही.

मित्राचे पप्पा आणि काका त्याच निवडणुकीपासून दोन गटांत. शेताचा बांध एक, बोलणं बंद. ताईच्या लग्नात काका अक्षता टाकून न जेवताच गेले. ‘भांडण नेमकं कशावरून रे?’ मी विचारलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘खरं सांगू? मी कधी विचारलंच नाही. मतदान मात्र दर वेळी त्यावरच केलं.’

त्याचा गट कोणता, ते सांगणार नाही. २३ तारखेच्या निकालानंतर एका घरी गुलाल आला, दुसऱ्या घराने दार लावून घेतलं. दिवाळीचा उरलेला फराळ घेऊन काकांकडे जाऊ का, असा त्याचा मेसेज आला होता. मी लिहिलं, जा.

अजून गेलेला नाही.